पाणमांजर कुणी टिपलं

३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून वर वहिनींचं नाव घातलंय. वहिनी, तुम्ही फोडलं असेल तर हे त्याच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवून द्या. गिऱ्हाईक नसलं की तो वाचेल. समोर पडलेला कागद वाचल्याशिवाय त्याला राहवत नाही.

कामाचंच लिहितो. मी पुन्हा उत्तरेला आलोय. इथली शेतं, गुरं, पाणथळ, पक्षी, जनावरं असं एक मोठं पुस्तक निघतंय. माझी जुनी साठ चित्रं त्यात आहेत, आणखी वीस नवी हवीत. त्यासाठी सहा आठवडे मुक्काम आहे. सध्या गावातल्या एका लॉजवर उतरलोय. खोलीच्या खिडकीतून फक्त ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान दिसतं, पण पाणी गरम मिळतं.

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुन्या लांब लेन्सची रिंग थंडीत जाम होते. मागे एकदा तू ती काहीतरी करून सोडवली होतीस. काय केलं होतंस? इथे दुरुस्त करणारं कुणी नाही, आणि त्या लेन्सशिवाय माझं पान हलत नाही.

दुसरं असंच, सहज. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते पाणमांजराचं चित्र घ्यायचं ठरलंय. ‘ही सकाळ कशी होती’ यावर संपादकबाईंना माझ्याकडून आठ ओळी हव्यात. मला तपशील नीट आठवत नाहीत. तू त्या खेपेला गाडी चालवायला बरोबर होतास, म्हणून म्हटलं तुला आठवत असेल. धुकं किती वाजेपर्यंत होतं, वारा कुठून होता, जनावर किती वेळ थांबलं, एवढंच. घाई नाही, पण महिनाअखेर मजकूर द्यायचाय.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो. वहिनींना नमस्कार.

तुझा भाऊ


९ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड पोचलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात काय, तर ‘लेन्स काखेत धर, दहा मिनिटं. तेल घालू नकोस.’ बाकी एक अक्षर नाही. काखेत धरली, रिंग सुटली. तेलाची बाटली मी आदल्याच दिवशी विकत आणली होती, हे तुला कसं कळलं देव जाणे.

लॉज सोडलं. तिथून पाणथळ फार लांब पडत होती, पोचेपर्यंत चांगला उजेड निघून जायचा. म्हणून मागच्या वेळी आपण राहिलो होतो त्या शेतघरात आलो. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी तिथल्या मालकीण मावशी काही आपल्याला ओळखायच्या नाहीत.

त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. म्हणाल्या, “तुम्ही धाकटे ना? यंदा दादा नाही आले ते? बरे आहेत ना?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बॅगा आत घेता घेता त्याच सांगत होत्या. दरवर्षी ऑक्टोबरात आठ दिवस दादा येतात. पत्रे ठोकून देतात, गोठ्याचं दार त्यांनीच बसवलं. यंदा दुकान सोडता येत नाही म्हणून निरोप आला, तर आमची म्हातारी गाय दोन दिवस फाटकाकडे बघत होती. गायीचं मला माहीत नाही, पण हे सांगताना मावशी स्वतः फाटकाकडे बघत होत्या.

आठ वर्षं, दादा. दर ऑक्टोबरात स्टुडिओला आठ दिवस कुलूप असतं हे मी ऐकून होतो. कुणीतरी म्हणालं होतं, वहिनींच्या माहेरी जातोस. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. चुलीशेजारच्या भिंतीवर तुझे फोटो आहेत. मी मोजले, सत्तावीस. टाचण्यांनी लावलेले, काहींचे कोपरे वाफेने वळलेले. मला आधी राग आला, हे लपवत नाही. माझ्या जागेत येऊन हा माणूस माझ्या नकळत फोटो काढतो, असं मनात आलं. मी तिथे उभा राहून एकेका फोटोतल्या चुका शोधायला लागलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. एकाचं क्षितिज किंचित कललेलं होतं. दुसऱ्यात काळं जरा जास्तच काळं आलं होतं. तिसऱ्यापाशी मला काही सापडेना.

पावसात ओंडक्यावर बसलेली पाणमांजराची मादी, पोटाशी दोन पिल्लं. एक पिल्लू आईच्या तोंडातला मासा ओढतंय आणि दुसरं झोपलंय. ती तुझ्याकडे बघतही नाहीये. तू तिथे आहेस हे तिला ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाहीये.

ते चित्र मला जमलं नसतं. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

आणखी एक. मावशी बोलता बोलता सहज म्हणाल्या, त्या वेळी तुम्ही त्या माडीवरच्या खोलीत तापाने निजून होतात, आठवतं ना? मी म्हणालो, असेल, आठवत नाही.

आठ ओळींचं तू काहीच लिहिलं नाहीस. राहू दे.


१७ नोव्हेंबर

दादा,

दुसरं कार्ड मिळालं. ‘गोठ्यावरचा तिसरा पत्रा बघ. वाऱ्याने उचकटतो.’ उचकटलाच होता. मी ठोकला, सोबत अंगठाही ठोकून घेतला. मावशी म्हणाल्या, दादांचा हात निराळा. मग मला वाईट वाटलं असेल म्हणून त्या मुद्दाम माझ्या ताटात एक अंडं जास्त वाढून गेल्या.

सहा दिवस मी त्या लपणाच्या खोपटात बसतोय. लव्हाळ्यांच्या मधोमध, तीन बाजूंनी चटया आणि पुढे हातभर फट. पहाटे जातो, उन्हं वर आली की परततो. बगळे येतात, बदकं येतात. एकदा पाण्यातून एक हरीण पोहत पलीकडे गेलं. पाणमांजर नाही. मी दर दोन मिनिटांनी काहीतरी करतो. लेन्स पुसतो, पिशवीची चेन लावतो, घड्याळ बघतो. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की या खोपटात सगळ्यात जास्त आवाज माझाच आहे.

काल त्या आठ ओळी लिहायला बसलो. पहिल्या तीन सरळ उतरल्या, कारण त्या मला पाठच आहेत. सभागृहांतून, वर्गांतून मी त्या किती वेळा म्हटल्यात. ‘दाट धुकं होतं. चार तास मी हललो नाही. मग धुक्यातून ते आलं आणि माझ्याकडे पाहिलं.’ चौथ्या ओळीपाशी मावशी दूध घेऊन आल्या. मी विचारलं, त्या दिवशी धुकं किती वेळ होतं हो?

त्या म्हणाल्या, “धुकं कुठलं? लख्ख उजाडलं होतं. मी धारा काढत होते, दादा पळत आले. एक बूट चिखलात राहिलेला.”

म्हणजे चित्रात जनावराभोवती जे पांढुरकं दिसतं ते धुकं नाहीच. थंडीत पाण्यावर चढलेली वाफ आहे, त्याच्या श्वासाची वाफ आहे. नऊ वर्षं मी तेच चित्र लोकांना समजावून सांगतोय, आणि मला ते वाचताही आलेलं नाही.

आता सरळ लिहितो. तुला सगळं माहीत आहेच. पण तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, असं मी एकदाही कबूल केलेलं नाही.

मी तापाने पडलो होतो. तू माझा कॅमेरा घेऊन गेलास. परत येऊन मला हलवून उठवलंस आणि म्हणालास, ‘आलं होतं. तीनदा दाबलं.’ रोल मी घरी डार्करूममध्ये धुतला. एकोणीस आणि विसावी फ्रेम हललेली. एकविसावी ती. तीन आठवड्यांनी स्पर्धेचा फॉर्म भरायला घेतला, त्यात छायाचित्रकाराचं नाव लिहायला एकच ओळ होती. मी माझं लिहिलं. मनात काही आलं, असंही झालं नाही. त्या ओळीवर मी नेहमी माझंच नाव लिहायचो, तसं लिहिलं. पाठवल्यावर आठवलं. तेव्हा एक पत्र टाकलं असतं तर दुरुस्त झालं असतं. मी म्हटलं, निकाल लागू दे, शेकडो चित्रं येतात, आपलं कशाला निवडतील?

निवडलं. मग पदक आलं, मग मोठी मासिकं आली, मग लोक मला त्या चित्रावरून ओळखायला लागले.

तू एकदाच विचारलंस. स्टुडिओत, संध्याकाळी साडेपाच-सहाला. स्टुलावर एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी हनुवटी वर करून बसल्या होत्या, वहिनी मागे पडदा सरळ करत होत्या. तू म्हणालास, त्या चित्राखाली माझं नाव कुठे आहे रे? आणि मी म्हणालो, कॅमेरा माझा, जागा माझी, बटण काय, कुणीही दाबतं.

तू त्या बाईंना म्हणालास, जरा डावीकडे बघा, आणि फोटो काढलास. मी माझं सामान घेऊन बाहेर पडलो. तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

आणखी एक आहे, ते तुलाही ठाऊक नाही. एकविसाव्या फ्रेमच्या पुढे मी निगेटिव्हची पट्टी कापली. बाविसाव्या फ्रेममध्ये मी आहे. माडीवर, गळ्यापर्यंत घोंगडी, तोंड उघडं, झोपलेला. उठवायच्या आधी तू तो काढला असणार. एका पट्टीवर लागोपाठच्या दोन फ्रेम: पाणमांजर, आणि झोपलेला मी. कुणी पाहिलं असतं तर दुसरं काही विचारायची गरजच नव्हती. कापलेला तुकडा फेकायचं धाडस झालं नाही. तो माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे, नऊ वर्षं. या सहलीतही आहे.

सोमवारी मी संपादकबाईंना सांगणार आहे. टेकडीवर चढलं की फोनला दोन काड्या येतात. तुला आधी कळवतोय ते परवानगी मागायला नाही. एका गोष्टीची धास्ती वाटते म्हणून. बाबांच्या कॅमेऱ्याचं झाकण मी विहिरीत टाकलं आणि मार तू खाल्लास. शाळेत मी खोटी सही केली आणि ती तूच केली असं तू सरांना सांगितलंस. आता संपादकबाई तुला विचारतील, आणि तू म्हणशील, छे, त्यानेच काढलं, त्याचा काहीतरी गैरसमज झालाय. तू नक्की तसं म्हणशील.

दादा, या वेळी मला पाठीशी घालू नकोस.


२४ नोव्हेंबर

दादा,

सांगितलं.

टेकडीवर वारा इतका होता की मला दोनदा ओरडून सांगावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून सांगायला फार विचित्र वाटतं. खाली कुंपणाजवळ एक शेतकरी मेंढ्या मोजत होता, तो थांबून वर बघायला लागला. बाईंनी विचारलं, हे तुम्ही आजारी वगैरे असल्यामुळे बोलताय का? मी म्हणालो, नाही, तब्येत छान आहे, गुडघा सोडून. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला, तारीख, रोल, फ्रेम. निगेटिव्हचे दोन्ही तुकडे हवेत म्हणाल्या. मोठा तुकडा त्यांच्याच कार्यालयात आहे, लहान मी त्याच दुपारी टपालाने पाठवला. पोस्टातल्या माणसाने आत काय आहे विचारलं. मी म्हणालो, माझा फोटो.

स्पर्धा घेणाऱ्या संस्थेला कळवावंच लागेल, असं त्या म्हणाल्या. मुखपृष्ठ ठरवायच्या आधी त्या तुला लेखी विचारणार आहेत. पुस्तक निघेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्याने जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला बसलो. समोर एक बाई ट्रॅक्टरने रान नांगरत होती, आणि मागे उलटलेल्या मातीवर टिटव्यांचा सगळा थवा उतरत होता, उठत होता. ट्रॅक्टर वळला की थवाही वळायचा. मी कॅमेरा काढला आणि फाळाच्या रेषेवर लेन्स लावली. तासभर काढत राहिलो. बाईंनी शेवटी इंजिन बंद करून विचारलं, माझं काही चुकतंय का? मी म्हणालो, नाही, फार छान चाललंय. त्या म्हणाल्या, मग ठीक, आणि पुन्हा सुरू केलं.

घरी येऊन जेवलो आणि भरदुपारी खुर्चीत झोपलो ते मावशींनी दिवा लावेपर्यंत. अशी झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. काही ठरलेलं नाही, पुढे काय होणार माहीत नाही, आणि तरी मी घोरत होतो असं मावशी म्हणाल्या.

तुझं कार्ड आलेलं नाही. मी वाट बघतोय असं समजू नकोस. पण बघतोय.


८ डिसेंबर

दादा,

काल फोनवर बोललो, तरी हे लिहितोय. फोनवर मला काही धड बोलता आलं नाही, आणि तू तर काय, बोलतोस ते तार केल्यासारखं.

संपादकबाईंनी परवा मला तुझं पत्र वाचून दाखवलं. मी टेकडीवर उभा होतो. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाचं उत्तर आलंय, ऐकता का? मला वाटलं, आता आलं. आता तू मला वाचवणार. मी डोळे मिटून घेतले. त्या वाचायला लागल्या. मी नंतर त्यांच्याकडून ते पुन्हा सांगून घेतलं आणि वहीत उतरवलं:

‘फोटो मी काढला. भावाला ताप होता, तो झोपला होता. कॅमेरा त्याचा. जागा त्याने शोधलेली, तिच्यासाठी त्याने तीन वर्षं हेलपाटे घातले होते. तो उठेल तेव्हा त्याला काहीतरी दाखवता यावं म्हणून मी जाऊन बसलो. सात वाजून गेल्यावर जनावर आलं. माझे हात कापत होते, पहिल्या दोन फ्रेम वाया गेल्या. धुकं नव्हतं. नऊ वर्षं मी गप्प बसलो, तेही बरोबर नव्हतं.’

पहिल्या वाक्यालाच माझा जीव भांड्यात पडला. बाईंना वाटलं मला रडू येतंय, त्या म्हणाल्या, नंतर बोलू का? मी म्हणालो, नाही, पुढे वाचा. खरं म्हणजे मला हसू येत होतं. उभ्या आयुष्यात तू पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलला नाहीस. कुणीतरी छातीवरून गाडीचं चाक काढून घ्यावं तसं झालं.

तुझ्या त्या ओळी आहेत तशा छापायच्या ठरल्यात. मुखपृष्ठ तेच राहणार, खाली नाव तुझं. त्या भिंतीवरचे सत्तावीस फोटोही त्यांनी मागवलेत. मावशींनी एकेक टाचणी काढून दिली, पण परत आणून लावायचे या बोलीवर. त्या मादीच्या चित्राला पुस्तकात दोन पानं मिळणार आहेत. माझ्या टिटव्यांना एक मिळालंय, आणि मला ते फार वाटतंय. बाविसावी फ्रेम बाईंना इतकी आवडली की ती शेवटच्या पानावर टाकावी म्हणतात. तोंड उघडं आहे, मी म्हणालो. म्हणूनच, त्या म्हणाल्या.

आता दुसरी बाजू, तीही सांगतो. संस्थेचं पत्र आलं. चार ओळींचं, कोरडं. पदक परत मागितलंय, मी ते घरून कुरिअरने पाठवायला सांगितलं. विजेत्यांच्या यादीतून माझं नाव काढलंय. तुझं घालतील की ती जागा मोकळी ठेवतील, ते ठरायचंय. फेब्रुवारीतली माझी दोन्ही व्याख्यानं रद्द झाली. एका वर्तमानपत्रात बातमी आली, शीर्षकात ‘चोरी’ हा शब्द आहे. सकाळी मी तो तीन वेळा वाचला. चौथ्यांदा वाचवेना. शब्द चूक नाही, दादा. पण तो आता बाहेर छापून आलाय, माझ्या आत एकट्याने फिरत नाहीये, आणि तो कागदावर दिसतो तेव्हा बराच लहान दिसतो.

दोन जुन्या विद्यार्थ्यांनी यापुढे शिकायला येणार नाही असं कळवलं. एकीने लिहिलं, सर, मग चार तास न हलता बसायचं ते आम्हाला कुणी शिकवलं? तिला तुझा पत्ता दिलाय.

काल तुला फोन लावला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वहिनींनी उचलला. मी फक्त ‘वहिनी’ म्हणालो आणि त्या म्हणाल्या, थांबा हं भाऊजी, देते. नऊ वर्षं मधे गेलीच नाहीत अशा आवाजात. मग तुझ्या चपलांचा आवाज आला. तू ‘बोल’ म्हणालास.

मी काय काय बोललो मला नीट आठवत नाही. गुडघ्याबद्दल बोललो, गायीबद्दल बोललो. त्या संध्याकाळी स्टुडिओत जे बोललो त्याची माफी मागितली, ती दोन वेळा मागितली, कारण पहिल्यांदा वाऱ्यात वाहून गेली. तू म्हणालास, ऐकू आलं होतं. मग म्हणालास, पंधरा तारखेपर्यंत तिथेच थांब, मी आणि ही येतोय, हिला एकदा मावशींना भेटायचंय. मी म्हणालो, थांबतो.

तिकडे कुणीतरी स्टुडिओचं दार उघडल्याचा आवाज आला, तू त्यांना बसा म्हणालास. मग मला विचारलंस, “अजून काही सांगायचं राहिलंय का?”

मी नाही म्हणालो. रात्रभर विचार केला, आज सकाळीही केला. खरंच काही राहिलेलं नाही.

बारक्या